म्हाताऱ्या मांजरीच्या बदललेल्या वागण्याबद्दल मदत हवी आहे

आमची मनी १५ वर्षांची असून गेल्या २ महिन्यांपासून ती रात्री अडीच-तीनच्या सुमारास स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कर्कश ओरडते आणि जवळ गेल्यावर, आपण का आलो हेच विसरल्यासारखी, नुसती पाहत राहते. खाणे वाढूनही तिचे वजन ४ किलोंवरून सव्वातीन किलोंवर आले आहे. पाणीही ती फार पिते. आधी मी त्याचा दोष नागपूरच्या उन्हाळ्याला दिला, पण कूलर बंद झाल्यावरही तहान तशीच आहे. वाढलेले थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब यांमुळेही असे होऊ शकते, म्हणून 'वय झाले' हे उत्तर मला पटत नाही. धरमपेठ किंवा सीताबर्डीजवळ मांजरीचा रक्तदाब मोजण्याची आणि रक्तातील टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक) तपासण्याची सोय कोठे आहे, हे कृपया कळवावे.