मदत हवी आहे: दीडशे हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ईएफआय आउटबोर्ड स्लोवर मिसिंग करतंय

नवखा_नाखवा

नमस्कार मंडळी. इथे बाइक आणि कारचे धागे ढिगाने आहेत, बोटीच्या मशीनचा एकही सापडला नाही, म्हणून नवीन काढतोय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

बोट मामाची, देवबागला. कर्ली खाडीच्या मुखाशी पॅरासेलिंग करतात. मी पुण्यात नोकरीला, पण बाइक उघडून परत जोडण्याइतपत हात चालतो. त्यामुळे गावी गेलो की मिक्सरपासून मशीनपर्यंत घरातलं बंद पडलेलं सगळं माझ्यापुढे येऊन बसतं.

मशीन आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं. व्ही-सिक्स (दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर), टू-स्ट्रोक, कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग 'ती कंपनीच तसली' यावरच पन्नास प्रतिसाद येतात.

त्रास असा. पावसाळ्यात बोट मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत वर काढलेली होती. सीझनला पाण्यात घातली. सकाळी थंड मशीन पहिल्या चावीला घेतं आणि छान चालतं. दहाएक मिनिटांनी स्लोवर गडबडायला लागतं. न्यूट्रलला आरपीएमचा काटा सातशेवर टिकायला हवा, तो साडेपाचशे ते आठशे असा झोके खातो. गिअर टाकला की गुदमरल्यासारखं करून कधी चालतं, कधी बंद. दोन हजारांच्या पुढे नेलं की साफ, आणि फुल थ्रॉटलला तर काहीच तक्रार नाही. पण पॅरासेलिंगवाल्याला फुल थ्रॉटलपेक्षा स्लोचीच गरज जास्त. माणसं चढवताना, उतरवताना, दोरी गुंडाळताना मशीन मेलं आणि ओहोटी जोरात असेल तर बोट मुखाकडे ओढली जाते. परवा तसंच झालं. नांगर पटकन टाकला म्हणून निभावलं.

आतापर्यंत केलेलं: सहाही प्लग नवे. बॅटरी चार्ज करून घेतली. गावातल्या मेकॅनिकने स्लो वाढवून दिला. त्याने बंद पडणं कमी झालं, पण गिअर टाकताना असा खाडकन आवाज येतो की ऐकवत नाही. स्क्रू परत होता तिथे आणला.

मामाचं निदान वेगळंच आहे. मशीन थरथरायला लागलं की त्यावर हात ठेवून म्हणतो, "ह्येका हीव भरला हा."

काय बघू?

ग्रीसचे_हात

स्लो स्क्रू परत जागेवर आणलात ते उत्तम केलंत. गाठ न सोडता दोरी ओढायचा प्रकार होता तो.

पेट्रोल कुठलं? मेपासून टाकीत होतं तेच ना? आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी पितं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत त्याला प्यायला भरपूर मिळतं. पोट भरलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. तुमच्या मशीनची नळी नेमकी तळातून ओढते.

लोणच्याची काचेची बरणी घ्या, प्लास्टिकची नको. टाकीच्या अगदी तळातून पेट्रोल काढा, रात्रभर ठेवा, सकाळी उजेडात बघा. मध्ये रेघ दिसली तर समजा.

दुसरं, मशीन गडबडत असताना कुणाला तरी पेट्रोल लाइनवरचा रबरी पंप हाताने दाबत राहायला सांगा. दाबल्यावर सुधारलं तर टाकीपासून मशीनपर्यंत कुठेतरी हवा ओढली जातेय. कपलिंगची ओ-रिंग, चिरलेली नळी, यातलं काहीतरी.

डिझेलच_बरं

टू-स्ट्रोक विका आणि फोर-स्ट्रोक घ्या. तेल पिणारी, धूर सोडणारी जुनी मशीन सांभाळण्यात सीझन घालवू नका.

नवखा_नाखवा

@डिझेलच_बरं, पैसे पाठवा, उद्या घेतो.

@ग्रीसचे_हात, बरणीत रेघ दिसली! तळाला जवळजवळ दोन बोटं गढूळ पाणी, वर पिवळसर पेट्रोल. मामीने ती बरणी आता कायमची मला देऊन टाकली आहे.

टाकी पूर्ण रिकामी केली, पुसली. पाणी वेगळं करणारा फिल्टर नवा टाकला. आत पेट्रोल साठतं ती छोटी टाकीही उघडली, तिच्या तळाला तपकिरी चिखल होता, तो साफ केला. ताजं पेट्रोल भरलं.

निकाल: सुधारलं, पण गेलं नाही. आधी दहात सहा वेळा मरायचं, आता दोन वेळा. रबरी पंप दाबून काहीच फरक नाही.

मीटर_लावून_बघा

दोन बिघाड एकमेकांच्या अंगावर झोपलेले असले की असंच होतं. एक काढला की दुसरा दिसायला लागतो. पाण्याचा एक निघाला, चांगलं झालं.

आता अंदाज बंद करून मोजायला लागू. आधी एक प्रश्न: मशीन फटकतं की गुरगुरतं? पेट्रोल कमी पडलं की जुनी स्कूटर कशी कार्बोरेटरमधून 'फट्' करून मागे फेकायची, तसं फटकणं वेगळं. पेट्रोल जास्त झालं की जड, ओला, एक सोडून एक फायर झाल्यासारखा आवाज येतो, धूर वाढतो, प्लग काळे ओले निघतात. तुम्ही प्लग बदललेत, पण जुने कसे दिसत होते ते लिहिलं नाहीत. मेकॅनिक मंडळी प्लग आधी फेकतात आणि मग रोग शोधतात.

मग एकेक सिलिंडर बंद करून बघा. पण प्लगची वायर नुसती उपटून हवेत लोंबकळत सोडू नका, त्याने इग्निशन बॉक्स जळू शकतो. वायर स्पार्क टेस्टरला लावून टेस्टर बॉडीला अर्थ करा. जो सिलिंडर बंद केल्यावर आरपीएम पडत नाही, तो आधीच झोपलेला आहे.

बॅटरीच्या आणि इंजिनच्या अर्थच्या टोकांवर हिरवा गंज असेल तर तो खरवडून काढा. इंजेक्शनच्या मशीनला व्होल्टेज पडलेलं चालत नाही.

नवखा_नाखवा

दोन दिवस सुट्टी टाकून गेलो होतो. क्रमाने सांगतो.

आवाज गुरगुरण्याचा. फटकत अजिबात नाही. धूर आहे, पण टू-स्ट्रोकला धूर असायचाच म्हणून आम्ही लक्ष दिलं नव्हतं.

नवे प्लग वीस तासांतच काळे. उजव्या बाजूचे तीन तर इतके ओले की पुसल्यावर फडकं काळं झालं. डावे तीन त्या मानाने बरे, पण तेही काजळीचे.

एकेक सिलिंडर बंद करून बघितला, सहाही वेळा आरपीएम सारखाच पडला. म्हणजे कुणी झोपलेलं नाही. कॉम्प्रेशनही घेतलं, सगळे एकमेकांच्या आसपास आहेत.

अर्थच्या टोकाला हिरवा गंज होता. घासला, बोल्ट आवळला. फरक शून्य.

गावातला मेकॅनिक आता म्हणतो इंजेक्टर काढून मुंबईला पाठवा. हरकत नाही, पण आठवडा जाईल आणि तोंडावर दिवाळीची गर्दी आहे. पाठवू का?

मीटर_लावून_बघा

थांबा. पाठवू नका.

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक वाक्य आहे, ते मी तेव्हा नुसतं वाचून पुढे गेलो. थंड मशीन छान चालतं आणि दहा मिनिटांनी बिघडतं. इंजेक्टर गळत असता तर मशीन थंड असतानाही त्रास दिला असता. सहाही सिलिंडर चालू, सगळ्यांना पेट्रोल जास्त. म्हणजे जास्त पेट्रोल कुणीतरी हुकूम देऊन सोडतंय.

थंड मशीनला जादा पेट्रोल लागतं. पूर्वी आपण चोक ओढायचो, आता हेडमधला तापमानाचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. मशीन तापलं की तो हात आखडता घेतो. तुमचा घेत नाहीये. चोक ओढून दिवसभर स्कूटर चालवल्यासारखं.

मग दोनच शक्यता. सेन्सर खोटं बोलतोय, नाहीतर सेन्सर खरं बोलतोय आणि मशीन खरोखरच थंड आहे. दोन्ही सिलिंडर हेडचं तापमान मोजा. स्लोवर, पाण्यात, पंधरा मिनिटं चालू ठेवून. रेस देऊन मोजू नका, जास्त आरपीएमला प्रेशरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्त पाणी फिरून हेड तसंही गार पडतं.

नवखा_नाखवा

तापमान मोजायची बंदूक कुठून आणू?

ग्रीसचे_हात

कोरोनात प्रत्येक सोसायटीने कपाळाला लावायची घेतली होती ती. बहुतेकांवर वस्तूचं तापमान मोजायचं बटण असतं. माणसाच्या मोडवर ठेवलीत तर नुसती एरर दाखवेल.

नवखा_नाखवा

सापडली! शाळेच्या ऑफिसातून मागून आणली. सेल घातल्यावर चालू झाली.

जेटीला बांधून पंधरा मिनिटं स्लोवर ठेवलं. डावं हेड ५१. उजवं हेड ३४. तीनदा मोजलं. खाडीचं पाणीच २९ होतं, म्हणजे उजवी बाजू जेमतेम कोमट! आणि आमच्या मॉडेलला तापमानाचा सेन्सर उजव्या हेडमध्येच आहे.

मीटर_लावून_बघा

उजवा थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत गार पाणी अडवून धरणारी झडप, उघडा अडकलाय. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. खोला.

नवखा_नाखवा

खोलला. चार बोल्टपैकी एक मिठाने इतका धरलेला की गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवावा लागला. सकाळी टकटक करत सुटला.

झाकण काढलं तर थर्मोस्टॅटच्या तोंडात शिंपल्याचा तुकडा आडवा बसलेला. करंगळीच्या नखाएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. त्याच्या भोवती बारीक पांढरी वाळू चिकटून राहिली होती. झडप मिटायला जायची आणि त्या तुकड्यावर टेकून उघडीच राहायची. मागच्या सीझनच्या शेवटी बोट मुखाजवळ वाळूला लागली होती, तेव्हाच मशीनने वाळू ओढली असणार. म्हणजे हा आजार मे महिन्यातलाच, पण तेव्हा आठवडाभरात बोट वर काढली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पाण्याच्या पंपाचं रबरी इंपेलरही काढून बघितलं, दोन पाती कडेला खाल्लेली. बदललं.

साफ केलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, बाजूला थर्मामीटर. पन्नासच्या आसपास उघडायला लागला, पण गार पाण्यात टाकल्यावर पूर्ण मिटेना, केसाएवढी फट राहते. स्प्रिंग गेली. नवा मागवला, दोन्ही बाजूंचे मागवले, गॅसकेटसकट.

ग्रीसचे_हात

गॅसकेट बसवताना मिठाचा थर ब्लेडने नीट खरवडा, नाहीतर तिथून पाणी ठिबकेल. बोल्टला मरीन ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी रात्र जाणार नाही. आणि तेल टीसी-डब्ल्यू-थ्रीच, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोकचंच, वापरताय ना? बाइकचं टू-टी घालून मिळते ती काजळी वेगळी.

नवखा_नाखवा

तेल बरोबर आहे, तेवढं तरी.

काल नवे थर्मोस्टॅट बसवले. पंधरा मिनिटांनी डावं ५२, उजवं ५०. काटा सातशेवर. गिअर टाकला, सहाशे चाळीसवर आला आणि तिथेच उभा राहिला. मामाने पुढे, मागे, पुढे, मागे असा आठ-दहा वेळा गिअर टाकून बघितला, मेलं नाही. आज सकाळपासून चौदा फेऱ्या झाल्या.

एक शंका उरली आहे. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करतो, तर तेवढ्यात वाळू निघते का? स्लोवर थर्मोस्टॅट मिटलेला असेल तर पाणी त्याच्या मागे पोचणारच नाही असं वाटतं.

मीटर_लावून_बघा

बरोबर वाटतं. म्हणून पाच मिनिटांत बंद करू नका. मशीन तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत फ्लश चालू ठेवा, हेडला बंदूक लावून बघा. आणि बोट वाळूला लागली की त्याच दिवशी झाकण उघडायचं, सीझन संपायची वाट बघायची नाही.

बंदूक शाळेला परत दिलीत का?

नवखा_नाखवा

नाही. मामाने ती खिशात घातली आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मशीनवर रोखून दाखवतो आणि सांगतो, "मी पयल्या दिसाक सांगितलेलंय, हीव भरला हा म्हणान. ह्यो पुण्याचो आयकता खंय?"