शिडाची कयाक: आधी बाजूची फळी लावून बघा

तुमची १२ फुटी पॉलिथिलीनची कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) शीड लावूनही वाऱ्याकडे चढत नाही, म्हणजे वारा येतो त्या दिशेला तिरकी पुढे जात नाही, म्हणून ती विकून मोठी घ्यायचं म्हणताय. जरा थांबा. बाजूला किंवा मधोमध पाण्यात उतरणारी फळी नसेल तर कुठलीही कयाक आडवी सरकतच राहणार, आणि शीड वाढवलंत तर जास्तच. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यावर मी देवबागहून मजेत बाहेर गेलो होतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटलाच नाही, आणि फळीशिवाय मतलईच्या विरुद्ध चढता येईना. दोन तास वल्हवून किनारा गाठला, तळहाताला फोड आले. फळी त्यानंतर लावली.

मग उलांडी, म्हणजे होडी उलटू नये म्हणून बाजूला बांधलेला तरंगा. कोकणातल्या होडीला ती एकाच बाजूला असते, पण कयाकमध्ये बसल्या बसल्या शीड सांभाळायचं तर दोन्ही बाजूंना तरंगे हवेतच.

हे सगळं करण्याआधी मात्र डोलकाठीच्या बुडाशी नीट बघा. केसाएवढी चीर असेल, नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघत असेल, तर उन्हाने प्लास्टिक मेलंय. पॉलिथिलीनला इपॉक्सी गोंद सहसा धरत नाही. त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून जोडता येतं, पण ठिसूळ झालेल्या जागी जोडाच्या कडेलाच परत फाटतं. तसं असेल तर नवीनच घ्या.

घेताना वजन विचारा. होबी अ‍ॅडव्हेंचर आयलंडसारखी तीन अंगांची (मध्ये कयाक, दोन्ही बाजूंना तरंगे) कयाक १६ फुटांहून लांब, पूर्ण जोडल्यावर ८० किलोंच्या वर जाते. मऊ वाळूतून एकट्याने ओढून नेणार का?