'फॉक्सप्रो फेका' म्हणणाऱ्यांनी आधी एक ऊसबिल काढून दाखवावं

काटापावती:
परवा 'नवी_प्रणाली' यांनी लिहिलं, की कोल्हापूर जिल्ह्यातले कारखाने आणि पतसंस्था अजून फॉक्सप्रोसारख्या जुन्या डॉस प्रोग्रामांच्या काळ्या स्क्रीनवर चालतात ही लाजेची गोष्ट आहे, सगळं एकदम फेकावं आणि क्लाउडवर जावं. वाचून रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी एका साखर कारखान्याच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, २६ वर्षं काढली. ऊसबिलाचा प्रोग्राम फॉक्सप्रो २.६ चा. बाहेरच्याला वाटतं, वजन गुणिले दर, झालं बिल. अहो, त्यातून सोसायटीची वसुली वजा करायची. कुठली आधी, पीककर्ज की मध्यम मुदत? मग पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, कारखान्यानं दिलेलं बेणं आणि खत, भागाची रक्कम. बिल पुरलं नाही तर राहिलेली वसुली पुढच्या पंधरवड्याला न्यायची. जळीत उसाची कपात वेगळी. खातेदार वारला आणि वारसनोंद व्हायची असेल तर बिल काढायचं, पण पैसे थांबवायचे. दर हंगामात संचालक मंडळाचा ठराव झाला, की शेती खात्याचा माणूस टेबलापाशी येऊन उभा राहायचा आणि आम्ही प्रोग्रामात चार ओळी घालायचो. हे नियम दुसरीकडे कुठेच नाहीत.

वर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाची तलवार. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज.

तरी नवीन घेतलं. दिवाळी झाल्यावर, धुराडं पेटायच्या आठवड्यात. तिसऱ्या दिवशी वजनकाटा बंद. ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर, बैलगाड्या उन्हात, आणि चिटबॉय दोन दिवस हातानं पावत्या फाडत होते. ऊस वाळला की वजन घटतं. ते नुकसान कंपनीचं झालं नाही, शेतकऱ्याचं झालं. पाचव्या दिवशी जुनाच प्रोग्राम चालू केला.

नवी_प्रणाली:
काका, तुमचा अनुभव मान्य. पण "नियम दुसरीकडे कुठेच नाहीत" हे वाक्य तुम्ही अभिमानानं लिहिलंय, आणि माझी सगळी तक्रार तेवढ्याच वाक्याशी आहे. २६ वर्षांत एक वही का लिहिली नाही? आता तुम्ही घरी. पुढच्या ठरावाच्या चार ओळी घालणार कोण?

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर मायक्रोसॉफ्टनं पुढची आवृत्ती काढली नाही, २०१५ मध्ये सपोर्टही संपला. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्राम थेट चालत नाही. म्हणून जुनी मशीन भंगारवाल्याकडून शोधून आणणारे लोक मी बघितलेत. आणि हंगामाच्या तोंडावर नवी यंत्रणा बसवली, ही निवडलेल्या वेळेची चूक. त्याचं खापर नव्या सॉफ्टवेअरवर का?

माझा एक गिऱ्हाईक शाहूपुरीत. ऑगस्ट २०१९ चा महापूर, दुकानात छातीभर पाणी. मशीन गेलं. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. वीस वर्षांची उधारी गिऱ्हाइकांना विचारून लिहावी लागली. तो माणूस माझ्यासमोर रडला. हे बघितल्यावर मला जुन्याचं कौतुक ऐकवत नाही.

पुण्यातला_कोल्हापुरी:
बॅकअप दुसऱ्या जागी ठेवायला सगळा प्रोग्राम फेकावा लागत नाही, भावा. फॉक्सप्रोचा डेटा असतो त्या डीबीएफ फायली रोज रात्री बाहेर कॉपी करता येतात. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालवायला डॉसबॉक्स आहे, व्हर्च्युअल मशीन आहे. दोन वेगळे प्रश्न एकात घालू नका.

आणि एकदम उडी मारायची असेल तर ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं बघा. एप्रिल २०१८, एका शनिवार-रविवारात सगळी खाती नव्या यंत्रणेवर नेली. १९ लाखांपर्यंत ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड झाला. त्यांच्याकडे पैसा आणि माणसं आपल्या शंभरपट होती.

हिशेबनीस_काकू:
पतसंस्थेत ३१ वर्षं झाली, म्हणून बोलते. लाइट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची अनुक्रमणिका, खराब, मग सगळ्यांना उठवून रीइंडेक्स. ते दिवस मला परत नकोत. पण नवीन आलं तेव्हा आमच्या सभासदांच्या नावांचं जे झालं, त्यावर कुणीच बोलत नाही.

आधी मशीनमध्ये मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड होतं, मराठी नावं छान यायची. २००३ ला विंडोजचं पॅकेज आलं, फॉन्टवालं. यादी काढली तर शिंदे, निकम, मिसाळ, चिले सगळे एका जागी गोळा! 'श' दाबून शिंदे सापडेनात. लाभांश वाटपाला लोक काउंटरवर, आणि मी यादी हातानं चाळतेय.

शाईचा_ठिपका:
काकू, कारण सांगतो. जिस्टमध्ये नाव इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण पद्धतीनं साठायचं, म्हणजे उच्चाराच्या क्रमानं: आधी श, मग वेलांटी. २००३ च्या तुमच्या पॅकेजनं अक्षर न साठवता फॉन्टमधले आकार साठवले, डोळ्याला दिसतात त्या क्रमानं. पहिली वेलांटी आधी दिसते, म्हणून आधी साठली. त्यामुळे पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी असलेली सगळी आडनावं एका कळपात.

मला यात सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? १९९० च्या दशकातला तुमचा डेटा शुद्ध होता. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेला आहे, तिथून थेट युनिकोडला जाणं सोपं होतं. 'आधुनिक' करायच्या नादात मधेच चांगला डेटा नासवला आणि बिल मात्र आधुनिकीकरणाचं लावलं.

हिशेबनीस_काकू:
मग पुढे युनिकोड केलं तेव्हा कुऱ्हाडे दोनदा का आले? एकच माणूस, एकच गाव. एकात ठेव, एकात कर्ज.

शाईचा_ठिपका:
'ऱ्ह' दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, साध्या र ला हलंत देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह. दुसरी, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि हलंत. डोळ्याला फरक शून्य, मशीनला दोन वेगळी नावं. जुना डेटा युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरनं एक तऱ्हा वापरली, तुमच्या नव्या कळफलकानं दुसरी. सगळी नावं एका तऱ्हेवर आणायला लहानसा प्रोग्राम पुरतो, पण आधी हे माहीत असलेला माणूस लागतो.

नवी_प्रणाली:
धागा फॉन्टवर कुठे नेला? मुद्दा असा, की काटापावतींसारख्यांनी कोड आपल्याजवळ दाबून ठेवला म्हणून त्यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. नोकरी टिकवायचाच तो मार्ग होता.

काटापावती:
जपून बोला. हंगामात रात्री दोनला गेटवरून फोन आला की मी सायकलवर गेलोय. ओव्हरटाइम कधी मागितला नाही. दोन पोरं शिकवून तयार केली, दोघंही पगार बघून पुण्याला गेली. २००० साल आलं तेव्हा सगळीकडे बोंब होती. डीबीएफमध्ये तारीख आठ अंकांत साठते हे मला माहीत होतं, म्हणून स्क्रीन आणि रिपोर्ट तेवढे बदलले, तेही घरी बसून. कोड कुणी मागितला असता तर दिला असता. कुणी मागितलाच नाही, कारण बिलं निघत होती.

वही लिहिली नाही, एवढी चूक माझी. ती कबूल करतो.

पुण्यातला_कोल्हापुरी:
त्या दोन पोरांपैकी एक मी. काकांनी कोड लपवला नाही, उलट रविवारी बसवून शिकवला. नवी_प्रणाली, ते वाक्य मागे घ्या.

नवी_प्रणाली:
घेतलं मागे. तेवढंच. बाकी मत तेच आहे, हे फार दिवस चालणार नाही.

पण हंगामाच्या तोंडावर बदलू नये, हे मानतो. एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर घ्यावं, आधी सभासद नोंदवही, मग वसुली, काटा सगळ्यात शेवटी. गेल्या हंगामाचे सगळे पंधरवडे दोन्ही प्रोग्रामांवर काढायचे आणि पैसा न् पैसा जुळेपर्यंत जुनं बंद करायचं नाही. हे माझ्या कोटेशनमध्ये मी आजवर घालत नव्हतो, कारण गिऱ्हाईक तेवढ्या महिन्यांचे पैसे देत नाही.

काटापावती:
जुळवताना पैशांचा फरक येईल, तेव्हा लगेच नव्याला बरोबर धरू नका. आमच्यात प्रत्येक कपातीला आधी पूर्ण रुपया करायचा आणि मग बेरीज, असा ठराव होता. कुठल्या सालचा ते बघून सांगतो. नियम लिहायला बसतो, जळीतापासून सुरुवात करतो. पोरानं टाइप करावं, माझे डोळे आता साथ देत नाहीत.

पुण्यातला_कोल्हापुरी:
शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतो काका.

हिशेबनीस_काकू:
तुमचं जुळलं, बरं झालं. माझ्या दोन कुऱ्हाड्यांचं तेवढं बघा कुणीतरी, सोमवारी ऑडिटर येतायत.