नुसत्या फेरीनं भागत नाही

म्हातारपणी पडू नये म्हणून व्यायाम करा म्हटलं की कुणी विचारतं, "आई-बाबा रोज रंकाळा तलावाला फेरी मारतात, मग वेगळा व्यायाम कशाला?" फेरी चालू ठेवाच. पण अडखळल्यावर सावरायला मांडीत आणि पोटरीत ताकद लागते, ती नुसत्या चालण्यानं फारशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवलेत. कोल्हापूर झालं म्हणून लगेच तालमीतल्या बैठका नकोत! भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि सावकाश बसायचं. बसताना धपकन टेकलं तर निम्मा फायदा गेला. जमायला लागलं की खुर्ची जरा बुटकी घ्या. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना गोळ्या दाखवा, बीपीच्या औषधानंही तोल जातो.