डॉकवर साडेचार तास गेले, लॉग (कामाच्या तासांची नोंद) कसा लिहायचा?

प्रश्न: अमेरिकेत ट्रक चालवायला लागून तीन महिने झालेत. काल सकाळी 6 ला ड्युटी सुरू केली, 9 ला डॉकवर पोचलो, माल चढून निघालो ते दुपारी दीडला. जास्तीत जास्त 11 तास ड्रायव्हिंग करता येतं, त्यातले सव्वाआठ तास शिल्लक, पण ड्युटी सुरू झाल्यापासून ज्यात ते उरकायचं ती 14 तासांची मुदत रात्री 8 ला संपणार! डिस्पॅचर (कंपनीत आमच्या फेऱ्या ठरवणारा) म्हणतो, "ते साडेचार तास ऑफ ड्युटी टाक." मी तर पूर्ण वेळ हातात कागद घेऊन खिडकीपाशी उभा होतो.

उत्तर १: मग ती ऑन ड्युटीच. आणि नुसतं ऑफ ड्युटी टाकूनही 14 चं घड्याळ थांबत नाही, हे तुमच्या डिस्पॅचरला माहीत नसेल तर कमाल आहे.
पुढच्या वेळी डॉकवर कामातून मोकळं सोडलं की सरळ बंकमध्ये (ट्रकमधली झोपायची जागा, म्हणजेच स्लीपर) जाऊन आडवं व्हा. किमान 2 तासांची ती विश्रांती आणि नंतर स्लीपरमध्ये सलग किमान 7 तास, दोन्ही मिळून 10 भरले, की दोन्ही तुकडे 14 मधून वगळले जातात. मात्र ते 7 तास चुकवले तर सगळं गणित कोसळतं. माझं एकदा कोसळलंय, पार्किंग शोधण्यात.

उत्तर २: कंपनीने लॉगमध्ये बदल सुचवला तरी मंजुरी तुमचीच लागते. खोटा असेल तर नाकारा. आणि डिस्पॅचरचं म्हणणं मेसेजवर मागा, फोनवर नको.

प्रश्नकर्ता: मागितलं. अजून उत्तर नाही.