'लाइट' : बार्शीची, घरातली आणि रंगाची

'बार्शी लाइट' या जुन्या रेल्वेच्या नावातील 'लाइट' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न विचारला गेला असून, त्या गाडीच्या डब्यांत विजेचे दिवे असावेत आणि त्यावरून हे नाव रूढ झाले असावे, असा एक तर्कही पुढे आला आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात 'लाइट' म्हटले की वीज किंवा दिवाच आठवतो, त्यामुळे असा तर्क सुचणे स्वाभाविक आहे. परंतु या नावाचा उजेडाशी काहीही संबंध नाही. येथील लाइट म्हणजे वजनाने हलकी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवर ही रेल्वे उभारली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा सुरू झाला. चाकांच्या प्रत्येक आसावर पडणारा भार ५ टनांच्या आत ठेवायचा, हे त्याच्या आखणीचे मुख्य सूत्र होते. भार बेताचा असल्यामुळे रूळ बारीक चालत, पूल आणि भराव कमी खर्चात होत, आणि मोठी रेल्वे जेथे परवडली नसती अशा मुलखात गाडी पोहोचत असे. पुढे हीच लाइन पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली.

या नावाचे मराठीकरण कोणी 'बार्शीची हलकी रेल्वे' असे केले नाही, हे बरेच झाले. इंग्रजीतील या लाइटला सहसा कमीपणाचा वास येत नाही. मराठीतील 'हलका' मात्र पटकन खालच्या पायरीवर उतरतो. हलक्या प्रतीचे धान्य, हलक्या कानाचा माणूस, 'हलके बोलणे' हे प्रयोग आपण कशासाठी करतो, ते सांगायला नको. म्हणूनच 'मराठा लाइट इन्फंट्री' या नावातील लाइटही तसाच राहिला, आणि आकाशवाणीने 'लाइट म्युझिक'साठी 'हलके संगीत' न म्हणता 'सुगम संगीत' हा नेमका शब्द योजला. माझ्या मते इंग्रजीवरून घडवलेल्या मराठी संज्ञांमध्ये इतकी चांगली संज्ञा क्वचितच सापडेल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. एका लाइटचे दोन अर्थ आहेत, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि उच्चार व लेखन कालांतराने सारखे झाल्यामुळे एकच वाटतात. चांगल्या इंग्रजी कोशांत त्यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. गंमत अशी की, दोघांचेही नातेवाईक आपल्या घरात आहेत. उजेडाचा लाइट ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच कुळातील संस्कृत धातू म्हणजे 'रुच्', चमकणे. 'रुचि' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ तेज, कांती असा आहे; मराठीत मात्र 'रुची' चवीकडे आणि आवडीकडे वळली. हलक्या लाइटचा सख्खा भाऊ म्हणजे 'लघु'. वैद्य 'लघु आहार घ्या' असे सांगतात किंवा छंदशास्त्रात लघु-गुरू मोजले जातात, तेव्हा इंग्रजीतील लाइटचाच भाऊबंद आपण वापरत असतो. फुप्फुसाला इंग्रजीत 'लंग' म्हणतात तेही याच कुळातले, कारण प्राण्याच्या अवयवांत ते सर्वांत हलके. वाहनातून किंवा घोड्यावरून उतरणे या अर्थाचे 'अलाइट' हे क्रियापदही याच घरचे आहे. स्वार खाली उतरला की घोडा हलका होतो, ही त्यामागची कल्पना.

मराठीने हे दोन्ही शब्द उसने घेतले, पण व्याकरणाच्या बळावर त्यांना वेगळे ठेवले, हे मला अधिक लक्षणीय वाटते. 'लाइट' नाम म्हणून आला की तो उजेडाचा किंवा विजेचा असतो आणि त्याला लिंग असते. विशेषण म्हणून आला की तो हलक्याचा किंवा फिकटाचा असतो आणि मग तो बदलत नाही. आपण 'हलक्या रंगाची चादर' म्हणतो, पण 'लाइट रंगाची चादर' म्हणताना शब्द जागचा हलत नाही. 'लाइट घे' या तरुणांच्या बोलीतही, फार मनावर घेऊ नकोस असे सांगताना, तो तसाच कोरडा राहतो. नामाच्या बाबतीत मात्र लिंगाचा खेळ पाहण्यासारखा आहे. 'लाइट गेली' असे आपण म्हणतो तेव्हा मनात वीज असते, म्हणून स्त्रीलिंग. 'बाहेरचा लाइट रात्रभर चालू राहिला' असे म्हणतो तेव्हा मनात दिवा असतो, म्हणून पुल्लिंग. 'लाइट गेले' असे अनेकवचनही सर्रास ऐकू येते, आणि त्यात घरातील सगळे दिवे एकदम विझल्याचे चित्र असते. यांपैकी एक शुद्ध आणि बाकीची अशुद्ध ठरवण्याचा आग्रह मला पटत नाही. तिन्हींमागे विचार आहे.

सोलापुरात या शब्दाला शेजारही मिळाला आहे. पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबांत वीज गेली की 'करंट पोयिंदी' म्हणतात, कन्नड बोलणाऱ्या घरांत 'करंट होयतु'. म्हणजे एकाच पेठेत, एकाच क्षणी, मराठी घरातून लाइट जाते आणि शेजारच्या घरातून करंट. मराठीत करंट जात नाही, तो 'बसतो'. शेतकरी तर या दोन्ही शब्दांना बगल देऊन 'लाइन' म्हणतो. रात्रीची लाइन आहे, म्हणजे मोटर रात्री चालवायची आहे.

दोन्ही लाइट एकाच वाक्यात भेटण्याचे ठिकाण म्हणजे सूत रंगवण्याचे कारखाने. 'शेड लाइट द्या, पण लाइट फास्ट पाहिजे' या मागणीत पहिला लाइट फिकटपणाचा आहे आणि दुसरा उन्हा-उजेडाचा. उजेडात ठेवूनही जो रंग उडत नाही, तो लाइट फास्ट. हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. रंगवलेल्या नमुन्याचा काही भाग झाकून बाकीचा प्रखर उजेडात ठेवतात, त्याच्याबरोबर निळ्या लोकरीच्या आठ प्रमाण पट्ट्या ठेवतात, आणि नमुन्याचा रंग कोणत्या पट्टीच्या बरोबरीने उतरला ते पाहून १ ते ८ यांपैकी अंक देतात. ८ म्हणजे सर्वांत टिकाऊ. वरील मागणी ऐकायला साधी असली तरी पुरवायला कठीण असते, कारण एकाच रंगद्रव्याची फिकट छटा गडद छटेच्या मानाने उजेडात लवकर उडते. टॉवेल किंवा चादर घेणाऱ्याने हे दोन लाइट एकच समजले, तर भलताच माल पदरात पडायचा.

रेल्वेतील 'लाइट इंजिन' हाही असाच फसवा प्रयोग आहे. 'इंजिन लाइट गेले' याचा अर्थ इंजिनाचे दिवे गेले, असा बाहेरचा माणूस करील. रेल्वेतील माणसाच्या लेखी डबे न जोडता एकटे इंजिन पुढे गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे. येथे 'लाइट' हे इंजिनाचे वर्णन आहे, त्याची लाइट गेलेली नाही.

भाषांतर करणाऱ्यांसाठी थोडे. 'लाइट स्लीप'ला हलकी झोप म्हणण्यापेक्षा सावध झोप म्हणावे, 'लाइट रेन'ला भुरभुर किंवा रिमझिम. 'निकालाच्या प्रकाशात' अशी वाक्ये वर्तमानपत्रांत वाढली आहेत. तेथे 'निकाल लक्षात घेता' किंवा नुसते 'निकाल पाहता' पुरते. एखाद्या विषयावर 'प्रकाश टाकणे' आता आपल्याकडे रुळले आहे आणि ते खुशाल वापरावे, पण प्रकाश फारच संस्कृत वाटतो म्हणून तेथे उजेड आणायला जाऊ नये. 'प्राध्यापकांनी या विषयावर उजेड पाडला' असे छापून आले, तर प्राध्यापक त्याला गौरव समजणार नाहीत.