पावसाळ्यातील गरम पाण्यासाठी सोसायटीने हीट पंप घ्यावा का?

प्रश्न:
पुण्यातील आमच्या २४ सदनिकांच्या सोसायटीत गच्चीवर सोलर असून रोज सुमारे ३००० लिटर गरम पाणी लागते. पावसाळ्यात ऊन नसल्यामुळे टाकीतील विजेच्या कॉइल चालवाव्या लागतात, आणि ते वीजबिल सभेत वाचून दाखवताना खजिनदारांचा आवाज आपोआप खाली येतो. सोलर न काढता त्याच्या जोडीला हीट पंप बसवावा, असा प्रस्ताव आला आहे. वीज एक तृतीयांशच लागेल, हे विक्रेत्याचे म्हणणे कितपत खरे मानावे?

प्रतिसाद १:
तत्त्वतः ते खरे आहे. ३००० लिटर पाणी २४ अंशांवरून ५४ अंशांपर्यंत तापवण्यास साधारण १०५ युनिट उष्णता लागते, आणि कॉइलला ती सगळी विजेतूनच द्यावी लागते. हीट पंप हवेतील उष्णता उचलून पाण्यात सोडतो, म्हणजे एसीचेच काम पाण्यासाठी करतो. त्याचा सीओपी, म्हणजे एक युनिट विजेमागे मिळणारी उष्णतेची युनिटे, ३ असेल तर ३५ युनिटांत भागते. मात्र माहितीपत्रकातला सीओपी हवेच्या आणि पाण्याच्या कोणत्या तापमानाला मोजलेला आहे, हे लेखी मागा, कारण हवा गार असेल आणि पाणी अधिक कढत हवे असेल तर तो घसरतो. पुण्यातील डिसेंबरची पहाट त्याला जड जाते. पण त्या दिवसांत ऊन स्वच्छ असल्यामुळे सोलरच काम भागवते. यंत्र शक्यतो दुपारी चालवावे.

प्रतिसाद २:
पाणी बोअरचे आहे का, ते आधी पाहावे. आमच्याकडे दुसऱ्याच वर्षी पाणी कोमट येऊ लागले, तेव्हा हीट एक्स्चेंजर (यंत्रातील उष्णता पाण्याला देणारा भाग) उघडला, तर आत नखाने खरवडूनही न निघणारा क्षारांचा पांढरा थर होता. शिवाय आवाज करणारे ते यंत्र वरच्या मजल्यावरील शयनगृहाच्या डोक्यावर बसवले होते. ते लिफ्टच्या खोलीमागे हलवेपर्यंत त्या कुटुंबाने आमच्याशी बोलणे टाकले होते.

प्रतिसाद ३:
गरम पाणी नळांतून फिरवणारा पंप रात्रभर चालतो का? तसे असेल, तर तापवलेल्या पाण्यातील बरीच उष्णता पाइपमधूनच जाते, मग ते कशानेही तापवलेले असो.

प्रश्नकर्ता:
आजच पाहिले, पंप चोवीस तास चालू आहे आणि गच्चीवरील पाइपचे आवरण दोन ठिकाणी उसवले आहे. आधी टायमर आणि आवरण करून घेतो, दरपत्रके त्यानंतर मागवतो. पाणी बोअरचेच आहे.